डॉलर चढल्यावर

“अमृत, आज कितीवर गेला रं?”

अमृतने मोबाईल न बघताच सांगितलं, “नव्वदीच्या वर, आबा. किती डाव इचारताय सकाळधरनं!”

जीपमध्ये लोकरीच्या पोत्यांवर बसलेला त्याचा बाप गेनबा खुशीत हसला. भाटघरच्या वरच्या धनगरवाड्यातला हा मेंढपाळ. जन्मात त्याने डॉलर पाहिला नव्हता, पण पाहुण्याची खुशाली विचारावी तसा त्याचा भाव रोज विचारायचा. हे खूळ भोरच्या मानसिंग शेठनी लावून दिलेलं. लोकरीला मातीमोल भाव सांगताना ते सहज म्हणाले होते, “परदेशी लोकर डॉलरात येते, गेनबा. डॉलर चढला की ती महागणार, मग गालिचेवाले तुझीच मागतील.” झालं! गेनबाने लोकर विकायचंच सोडलं. दर कातरणीची लोकर कडुनिंबाचा पाला घालून घरात रचून ठेवली. बायकोला, धोंडाबाईला अंग टाकायला जागा उरेना, तरी गडी हटला नाही.

आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. डोंगरावर बंगलेवाल्यांची कुंपणं उभी राहिली आणि चराई संपली. अमृतने सरळ सांगून टाकलं होतं, “लोकर खपली तर चारा इकत आनू. न्हाई खपली तर उद्या खाटकाचा टेम्पो बोलावतो. म्या पानशेतला हाटेलात लागतो.” गेनबाने मान डोलावली होती. डॉलर चढलाय म्हटल्यावर भ्यायचं कशाला?

पेठेत मानसिंग शेठनी पोत्यांना हातसुद्धा लावला नाही.

“शेठ, डॉलर चढलाय की!”

“चढलाय रे. पण अमेरिकेनं आपल्या मालावर जबर कर बसवलाय. आपले गालिचे तिकडंच जायचे. आता हातमागच बंद पडलेत. तुझी काय, कुणाचीच लोकर नकोय त्यांना.”

“पर तुमीच म्हनला व्हता...”

“म्हणालो होतो खरं.” शेठची नजर खाली गेली. “चहा घे.”

चहा तसाच राहिला. भर पेठेत, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत गेनबा पोत्याला टेकून लहान मुलासारखा रडला. अमृतने पोत्याचं एक टोक धरलं. मग दोघांनी पोती पुन्हा जीपमध्ये चढवली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मेंढरं टेम्पोला लावलेल्या फळीपाशी येऊन अडली. टेम्पोवाल्याने काठी उगारली तशी धोंडाबाई आडवी आली, “मारू नगा वो! ती मालकाबिगर चढत न्हाईत.”

ते खरंच होतं. ओढा असो की पूल, गेनबा पुढे झाल्याशिवाय त्याचं एकही मेंढरू पाय टाकत नसे.

गेनबाने टेम्पोत वाकून पाहिलं. पत्रा दवाने निसरडा झाला होता. तो घरात गेला, पोती ओढत बाहेर आणली, सोडली आणि सगळी लोकर पत्र्यावर पसरली. हाताने दाबून दाबून सारखी केली. मग स्वतः फळीवरून वर चढला, पार पुढे जाऊन उभा राहिला आणि रानात घालायचा तशी हाळी घातली, “हुर्रर्र... या गं बायांनो!”

आधी म्हातारी चांदी चढली. तिच्यामागे सगळी चढली, एकसुद्धा मागे राहिली नाही. लोकरीत पाय रोवून ती त्याच्याभोवती दाटीने उभी राहिली.

“आबा,” खालून अमृत म्हणाला, “उतरा आता.”

गेनबाने वळून पाहिलं. फळीपर्यंत मेंढरंच मेंढरं होती, आणि त्यांतलं एकही बाजूला व्हायला तयार नव्हतं.