कानांनी केलेली मोजणी

दीडशे पानांचं पुस्तक लिहून हातावेगळं झालं, आणि गाडी अडली ती लेखकाच्या परिचयाशी. संपादकबाईंनी तीनच गोष्टी विचारल्या होत्या: तुम्ही कोण, आधी काय करत होतात, सध्या कशाचा अभ्यास करता. गुरुवारपर्यंत पाठवा म्हणाल्या.

पहिल्या दोन उत्तरांना काही लागत नव्हतं. माणूस पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला होता. लोकांच्या परसात मीटर शोधता शोधता त्याला पक्षी दिसले, पक्ष्यांच्या वह्या भरल्या आणि वह्यांतून पेपरातलं सदर निघालं. गल्ली अजूनही त्यांना मीटरकाकाच म्हणे. कोपऱ्यावरचा न्हावी तर दिसले की विचारी, आज कावळ्यांनी किती पाणी वापरलं म्हणून. घोडं पेंड खात होतं ते तिसऱ्या उत्तरापाशी.

काकांचा अभ्यास वटवट्याचा. लव्हाळ्यात दडणारा हा अंगठ्याएवढा पक्षी दिसत नाही, नुसता ऐकू येतो. म्हणून दर वर्षी तळ्याकाठच्या त्याच दहा जागी पाच-पाच मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं आणि आवाज मोजायचे, ही काकांची रीत. चौतिसाचे एकोणीस झाले, एकोणिसाचे सहा, आणि गेल्या वर्षी शून्य. काकांनी सदरात लिहिलं, तळं मुकं झालं. आता मुकं झालं म्हटल्यावर कुणीतरी केलेलं असायला हवं. तळ्याकाठी लव्हाळा कापून चटया विणणारी बाई एकच होती. काकांनी तिचं नाव घेतलं नाही, पण विळा हा शब्द चार वेळा लिहिला. महिन्याभरात कापणीवर बंदी आली. लेख गाजला, आणि त्याचंच हे पुस्तक, ‘मुकं तळं’. चटईवाली आता लाँड्रीत परक्यांच्या चादरींच्या घड्या घालत होती.

सोमवारी काकूंना ताप भरला. काकांनी त्यांच्या काखेत थर्मामीटर ठेवला आणि तो वाजायची वाट पाहत बसले. बसले ते बसलेच.

“अहो, केव्हाच वाजून गप्प झाला तो,” काकू म्हणाल्या. “लक्ष कुठं आहे तुमचं?”

लक्ष तिथंच होतं. काकांनी बटण पुन्हा दाबलं, थर्मामीटर कानाशी धरला. वाजतोय, काकू म्हणाल्या. काकांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्यांनी तो दुसऱ्या कानाशी नेऊन पाहिला, मग आकडा न वाचताच डबीत ठेवून दिला. काकूंना वाटलं, ताप फार आहे.

बुधवारी ताप उतरल्यावर काका त्यांना शाल गुंडाळून तळ्यावर घेऊन गेले. आजारातून उठलेल्या बायकोला चिखलात हिंडवणारा नवरा जगात एकच, हे काकूंनी वाटेत दोनदा ऐकवलं. पहिल्या जागी काकांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. कागद टरकावल्यासारखा बारीक आवाज आला, की एक बोट उघडायचं.

पहिलं बोट लगेच उघडलं. मग दुसरं, तिसरं. पाच मिनिटं व्हायच्या आत दोन्ही हात संपले.

“आता काय पायाची बोटं काढू?” असं म्हणत काकूंनी डोळे उघडले, तर काका रडत होते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण त्यांनी नवऱ्याला असं पाहिलं नव्हतं.

पुस्तक एकदा येऊन जाऊ दे, मग पाहू, असं काकांच्या मनात आलं. आलं हे झाकण्यात अर्थ नाही. त्यांच्याशिवाय कुणी मोजायला जात नव्हतं, काकू कुणाला सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण हा विचार घरी पोचेपर्यंतही टिकला नाही. तळ्यावरून आल्याआल्या त्यांनी परिचय लिहिला. हा कागद गेला की पुस्तक बुडालं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही संपादकबाईंच्या आधी तो ऐकायचा हक्क दुसऱ्याच बाईचा होता, म्हणून काका लाँड्रीत गेले.

चटईवाली वाफेत उभी राहून घड्या घालत होती. शिव्या खायच्या तयारीनंच आलेल्या काकांनी कागद उघडला आणि वाचलं:

“लेखकाने एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. मीटर बंद पडला म्हणून त्या घरात कुणी पाणीच प्यालं नाही, असं त्याने कधी लिहिलं नाही. तळ्यावर मात्र त्याने नेमकं तेच केलं. बंद पडले होते त्याचे कान. वटवटे तिथेच आहेत, आणि चटईवाल्या बाईंनी कुणाला हुसकावलेलं नाही. सध्या लेखक या चुकीचा अभ्यास करतो आहे.”

बंदी उठवायचा अर्ज उद्याच देतो, असंही काका म्हणाले. बाईंनी हातातली घडी पुरी केली, थप्पीवर ठेवली.

“मला येत होते त्यांचे आवाज,” त्या म्हणाल्या. “बंदीनंतरही मी जायचे ना काठाशी, सवयीनं. पण तुम्ही पेपरात लिहिलेलं. एवढा जाणता माणूस नाहीत म्हणतोय म्हणजे नसणारच. म्हटलं, आपलेच कान वाजतायत.”

त्यांनी पुढची चादर ओढून घेतली.

“दोनदा डॉक्टरकडे जाऊन आले मी, काका.”