दिंडोशीची सुरी आणि तिळाएवढं काळं

मी दगडाची एक सुरी बोलतेय. दीड इंच लांब, नखाएवढी पातळ. हजारो वर्षं मातीत पडून राहिलेली, म्हणजे स्वभावानं शांत असेन असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. सांगायचं असूनही सांगता येत नाही, त्याला शांतता म्हणत नाहीत.

कुणा एका बाईनं घाव घालून मला मोठ्या गारगोटीतून उडवलं आणि तापवलेल्या डिंकानं लाकडी मुठीत बसवलं. तिचं नाव मला माहीत नाही. मूठ कधीच कुजून गेली. पण तो डिंक माझ्या बुडाशी एका खाचेत काळा पडून तिळाएवढा उरलाय. माझी सगळी पुंजी तेवढीच.

१९७६ साली दिंडोशीच्या टेकडीवर इमारतींचे पाये खणले जात होते. तिथल्या मातीच्या ढिगातून उर्सुलानं आम्हा बारा भावंडांना उचललं. ही अंधेरीच्या गावठाणातली मुलगी, नुकतीच एम. ए. झालेली, कॉलेजच्या इतिहास विभागात काम करणारी. तिनं एका परदेशी मासिकात वाचलं होतं, की जुन्या हत्यारांवर कापलेल्या वस्तूंचे कण चिकटून राहतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

विभागात मात्र दर शुक्रवारी धुणं निघायचं. शिपाई सहदेवमामा बादलीत सोडा टाकून, ब्रशनं घासघासून दगड चमकवायचे. विभागप्रमुख रत्नप्रभाबाईंचा तसा नियमच होता. धुतल्याशिवाय नोंद नाही.

"गो उर्सुला, अकराच? बारावो खंय गेलो?"

"हरवला असेल, मामा."

"हरवतलो कसो? तेका काय पाय फुटले?"

बारावी मी. कागदाच्या पुडीत, तिच्या पिशवीच्या तळाशी. माझ्या भावंडांच्या अंगावरून ब्रश फिरत होता, ते मला ऐकू येत होतं.

घरी तिनं मला कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर तिची आई, तेरेसा, भाकऱ्या थापता थापता उठली. तिनं पुडी उघडली आणि मला चिमटीत धरलं. "हा होय तो! याच्यापायी पोरीनं चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवली." मला उलटसुलट करून तिनं परत गुंडाळलं. तिच्या अंगठ्याचं तांदळाचं पीठ माझ्या धारेवर राहिलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मी तर आधीपासून जाणून होते, आणि गप्प बसण्यावाचून मला इलाज नव्हता.

वनस्पतिशास्त्राच्या लोकांकडून उर्सुलानं सूक्ष्मदर्शक मागून आणला. माझी धार पाण्याच्या एका थेंबानं ओली करून तो थेंब काचेवर घेतला, त्यात आयोडीन सोडलं. कण निळेजांभळे झाले. पिष्टाचे कण! ती खुर्चीतून उठली, बसली, परत उठली. मी ओरडत होते, अगं, धारेवर नको, बुडाशी बघ, खाचेत बघ! दगडाचं ओरडणं कोण ऐकतो?

चार दिवसांत तिनं परिसंवादासाठी निबंध लिहून काढला. रत्नप्रभाबाईंनी तो वाचला, चष्मा काढला.

"उर्सुला, तुमच्या घरी भाकऱ्या कशाच्या करतात?"

"याचा इथे काय संबंध, बाई? तुम्हाला नवं काही झालेलं बघवतच नाही!"

"बघवतं गं. म्हणून तर विचारते. घरचं पीठ याच काचेखाली बघितलंस?"

ती तडातडा घरी गेली.

"आई, माझी पुडी उघडलीस?"

"उघडली. नवरा लपवल्यासारखी लपवतेस, बघायला नको?"

डब्यातलं चिमूटभर पीठ घेऊन ती तशीच परत आली. काचेखाली तेच बारीक, कोनेदार कण. तिनं निबंधाची पानं फाडली. मला वाटलं, आता ती मलाही खिडकीबाहेर भिरकावणार. पण ती दात आवळून बसली आणि पहिल्यांदाच मला सगळीकडून पाहू लागली. धार, पाठ, बूड. खाचेपाशी थांबली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिनं बाईंना सगळं सांगितलं.

"चूक कबूल केलीस, बरं केलंस. आता दे ती सुरी सहदेवकडे."

मामांनी बादली पुढे सरकवली. सोड्याचा वास माझ्यापर्यंत आला.

"नाही देणार," उर्सुला म्हणाली. "पीठ माझ्या घरचं आहे. पण खाचेतलं हे काळं माझ्या घरचं नाही."

बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या.

"काय आहे हे?"

आतापर्यंत या मुलीकडे प्रत्येक प्रश्नाला ताडकन उत्तर तयार असायचं. ती म्हणाली, "माहीत नाही."

"रस्त्याचं डांबरही असेल."

"असेल. पण आज धुतलं, तर कधीच कळणार नाही."

बाईंची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. तिथे माझी अकरा भावंडं नंबर लावून आरशासारखी चमकत बसली होती. एकाच्याही अंगावर आता कण उरला नव्हता. मग म्हणाल्या, "सहदेव, ब्रश ठेवून द्या."

"आजच्यापुरतो?"

"कायमचा."

आता मी बूच लावलेल्या बाटलीत असते. बाटलीवर उर्सुलाच्या अक्षरात लिहिलंय: "धुऊ नये. धारेवर आमच्या घरचं पीठ. खाचेत काळं, माहीत नाही." त्या डिंकाची ओळख पटवायची साधनं इथे अजून नाहीत म्हणे. मामा रोज बाटलीकडे बघतात आणि त्यांचे हात शिवशिवतात. शिवशिव तर माझ्याही अंगात आहे. हजारो वर्षं थांबले, पण ही शेवटची थोडी वर्षं निघता निघत नाहीत.

ज्या कुणाच्या हातून हे बूच निघेल, त्याला माझं एकच सांगणं आहे. आधी धुऊन घे. तुझे हात. मला नको.