दाट घास

"काटा बरोबर आहे ना?" तिने दुसऱ्यांदा विचारलं.

नर्सबाईंनी बाळाला पुन्हा वजनाच्या पाळण्यात ठेवलं. काटा मागच्या महिन्याच्याच आकड्यावर येऊन थांबला.

"काट्याचं तुमच्याशी काय वैर आहे?" नर्सबाई म्हणाल्या. "आठ महिन्यांची झाली. वरचं काय देता?"

"बटाटा, गाजर, भात. उकडून कुस्करते. रोज कामावर जायच्या आधी मी स्वतः करून ठेवते."

"पातळ की दाट?"

"दाट. चमचा उलटा केला तरी पडत नाही. तुम्हीच तसं सांगितलं होतंत."

"आणि संपवते?"

"संध्याकाळी वाटी रिकामी असते. रोज."

नर्सबाईंनी कार्डावरची रेघ दाखवली. दोन महिने ती आडवी पडली होती. "मग जातं कुठं? दुपारी भरवतं कोण?"

"सासूबाई."

"हं," नर्सबाई म्हणाल्या. मग कार्ड परत देत म्हणाल्या, "महिनाभर बघू. नाहीतर तुम्हालाच घरी बसून भरवावं लागेल."

घरी बसणं म्हणजे काम सुटणं. सदऱ्यांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. सुटलेला टाका, तिरकी कॉलर, एकाच सदऱ्यात आलेल्या दोन छटा, यातलं काहीही तिच्या नजरेतून निसटत नसे. कारखान्यात तिला सगळे भिंग म्हणत, आणि शिलाईवाल्या बायका ती जवळ आली की गप्पा थांबवत. माणसांनी आपल्याला वचकून असावं हे तिला मनातून आवडायचं, खोटं कशाला बोला.

पण त्या एका "हं"ने तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. सासूबाई तशा वाईट नव्हत्या, आणि हीच पंचाईत होती. घर लख्ख, बाळ न्हालेलं, कपडे घडी घालून ठेवलेले. बोट ठेवायला जागा नाही. त्यातच जिन्यात शेजारीण भेटली नि सहज म्हणाली, "भरवताना तुमच्या सासूबाई दार का हो लावून घेतात? मी म्हटलं जरा बाळाशी खेळावं, तर उघडलंच नाही."

झालं. भिंगाला आणखी काय हवं होतं?

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जेवताना तिने विषय काढला, तर तो हसला. "आईनं मला नाही का वाढवलं?"

"वाढवलं. पण तुझ्या वाटीतलं कोण खात होतं, ते तुला आठवतंय का?"

"तू आता माझ्या आईला चोर ठरवणार?" तो म्हणाला, आणि ताट उचलून उठला.

दुसऱ्या दिवशी तिने बटाट्यात बीट किसून घातलं. जो कोणी खाईल त्याची जीभ लाल होईल, एवढा साधा डाव. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "आई, जरा जीभ दाखवा."

"का गं?"

"पोट बिघडलंय म्हणत होतात ना, म्हणून बघते."

सासूबाईंनी मुकाट्याने जीभ बाहेर काढली. स्वच्छ होती. तिला लाज वाटली, पण पुरेशी नाही. कारण तेवढ्यात तिचं लक्ष खुर्चीवर टाकलेल्या बाळाच्या लाळेऱ्याकडे गेलं. ते अजून धुतलं नव्हतं. त्यावर डाग होते, पण सकाळी तिच्या बोटांना लागला होता तसा गडद रंग कुठेच नव्हता. सगळे डाग फिके गुलाबी. छटा ओळखण्यात जिची हयात चालली होती, तिला कोणी समजवायची गरज नव्हती. हा रंग कोणीतरी पाणी घालून फिका केला होता.

बाळंतपण सोडलं तर चार वर्षांत पहिल्यांदाच तिने अर्धा दिवस रजा मागितली. दुपारी ती मागच्या गॅलरीतून आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. स्वतःच्याच घरात डोकावताना कसंतरी वाटत होतं.

सासूबाईंनी वाटीतला गोळा पातेल्यात काढला. तांब्याभर पाणी ओतलं, घोटलं, घोटलं, मग फडक्यातून गाळलं. वरचा चोथा कचऱ्याच्या डब्यात गेला, त्यावर सालं पसरली गेली. खाली उरलं ते रंगाचं पाणी. एक एक चमचा बाळाच्या तोंडात घालायच्या, दोन बोटं गळ्याला लावायच्या आणि वाट बघायच्या. मग तोंड उघडून आत बघायच्या. मगच पुढचा चमचा.

भिंगाने दार वाजवलं. कडी निघायला वेळ लागला.

"माझ्या पोरीला पाणी पाजताय तुम्ही?" तिचा आवाज चढला. "दोन महिने? मी तुमच्याकडे टाकून जाते आणि तुम्ही..."

सासूबाई बाळाला धरून उभ्याच राहिल्या. "त्याच्या आधी एक होता," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी. दहा महिन्यांचा. बटाट्याची फोड घशात अडकली, एवढीशी. मीच भरवली. कौतुकानं भरवली गं." त्यांनी ओठ दाबले. "लोकांना ताप आला म्हणून सांगितलं. तुझ्या नवऱ्याला काहीच माहीत नाही."

तिला कणव आली, पण राग गेला नाही. त्या मुलासाठी तिची मुलगी उपाशी राहिली होती, आणि त्या मुलाचा त्यात काही दोष नव्हता. ती खाली बसली.

"आई, मी घरी बसले तर काम जाईल. तुम्ही असंच भरवलंत तर ही जाईल. तुम्हीच सांगा मी काय करू."

सासूबाईंनी गाळायचं फडकं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "दाट कर. अगदी मऊ कुस्कर, एकसुद्धा गाठ ठेवू नकोस. आणि इथंच बस."

तिने नव्याने बटाटा उकडला, बोटाने चाचपून पुनःपुन्हा कुस्करला. चमचा सासूबाईंनीच घेतला. पहिला घास बाळाच्या हनुवटीला लागला. दुसरा आत गेला. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, उबळ आल्यासारखं केलं, आणि सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चमचा खाली ठेवला नाही. बाळाने गिळलं आणि पुन्हा आ केला.

पाच चमचे झाले. सहाव्याला बाळाने मान फिरवली.

सासूबाई उठल्या, नळाशी गेल्या आणि हात धूत राहिल्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"तोही असाच," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पाच झाले की मान फिरवायचा. त्या दिवशी मीच सहावा देत होते."

सून बाळाला कडेवर घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. नळ वाहत होता, तो तिने वाहू दिला.