फडक्याची जागा

नवऱ्यानं घर बांधावं आणि बायकोनं त्यात खोट काढावी, ही जगाची रीतच आहे. पण वाशीमकडच्या मालेगावातल्या त्या नव्या घरात साधनाला एकच खोट सापडली, आणि तीही हातभर कापडाएवढी. ओटा काळ्याभोर ग्रॅनाइटचा, खिडकी पूर्वेची, डब्यांना वेगळं कपाट. हात पुसायचं फडकं टांगायला मात्र कुठे जागा नव्हती. किन्हीराजा गावच्या एकत्र घरात जावांच्या गर्दीत वर्षानुवर्षं भाकरी थापल्यावर पहिल्यांदाच तिच्या वाट्याला स्वतःचं स्वयंपाकघर आलं होतं, आणि त्यात ती ओले हात झटकत उभी राहत होती.

उपाय तिनं काही कमी केले नाहीत. फ्रिजच्या दांड्याला अडकवलेलं फडकं दार उघडलं की पायाशी लोळण घेई. खिडकीच्या गजाला बांधावं, तर रस्त्यावरच्या ट्रॅक्टरची धूळ त्यावर येऊन बसे. चिकटवायचा हुक आणला, तो वाफेनं सुटून थेट वरणात पडला. त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, हरीओमनं, ताटातून तो बोटानं उचलून विचारलं होतं, "हे काय, शेवग्याची शेंग हाये काय?"

"हसू नका. भिंतीले एक खुंटी ठोकून द्या."

"नवी टाइल हाये वं. तडा गेला तं मंग तूच रडशीन."

खरं तर साधनाला खुंटीचं एवढं काही नव्हतं. संसारात एकदा तरी या माणसानं आपणहून स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून यावं, एवढंच तिला हवं होतं. वास्तुशांतीला चार पाहुण्यांदेखत तो बोलून बसला होता की या घरात मी हिला हातभार लावीन. ते बोलणं तिनं मनात जपून ठेवलं होतं, आणि बोलाचीच कढी, बोलाचाच भात निघतो की काय या धास्तीनं ती रोज त्याच्याकडे बघत होती.

आणि मग एका सकाळी ती भांडी विसळून वळली, तर फडकं नळाच्या मानेवर ठेवलेलं. रात्री तर ते तिनं फ्रिजवर भिरकावलं होतं. दुसऱ्या दिवशी ती शेगडीशी होती, तेव्हा ते शेगडीजवळ होतं; कणीक मळायला बसली, तर परातीशेजारी. नीट पिळलेलं, चौघडी घातलेलं. हरीओमचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. त्याच्या बोटांचे काळे ठसे घरातल्या चादरींपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळीकडे असत. या फडक्यावर मात्र एकही डाग नव्हता. म्हणजे बिचारा आधी साबणानं हात धुतो आणि मग फडक्याला हात लावतो, हे लक्षात आलं आणि साधनाचं मन भरून आलं.

ती त्याला काही बोलली नाही. नवऱ्याचं तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते, असं तिला माहेरी शिकवलेलं. तिनं पाटवड्या केल्या, पुरणपोळी केली, स्वयंपाक करताना गुणगुणू लागली. हरीओम चाटूनपुसून जेवायचा. नव्या घराचं पाणी हिला मानवलं, असा त्याचा समज झाला, आणि कारण विचारून ताटातली पोळी घालवण्याइतका तो भोळा नव्हता. वैभवी, त्यांची लेक, वाशीमला वसतिगृहात होती. ती फोनवर म्हणाली, "आई, तू लय खूश वाटून राह्यली!" साधना नुसती हसली.

पुढे पुढे तर फडकं शोधावंही लागेना. ती मागे न बघता हात करायची, "अवो, फडकं," म्हणायची, आणि ते तळव्यावर येऊन टेकायचं. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. तिच्या पिढीतल्या पुष्कळजणी आता घेतात, पण तिच्या जिभेला ते वळण नव्हतं. "अवो" एवढी हाक पुरत होती. ती वळूनही पाहत नसे. नुकतं बादलीतून दूध प्यायला शिकलेल्या वासराकडे टक लावून बघितलं की ते तोंड काढून घेतं. नव्यानं शहाण्या झालेल्या नवऱ्याचंही तसंच, असं तिचं मत होतं.

एकदा भरदुपारी, तो जेवायला घरी यायच्या वेळेला, असंच फडकं हातात आलं, म्हणून तिनं दोघांचा चहा टाकला. कप घेऊन वळली, तर घर रिकामं. दुकानातून फोन आला असेल, गेला असेल, म्हणून तिनं दोन्ही कप स्वतःच संपवले. रात्री ती लटक्या रागानं म्हणाली, "तुमचा चहा दुपारी मीच पेली." तोंडात घास असलेला हरीओम म्हणाला, "हं." ते "हं" तिला जरा खटकलं. पण सुखात खडे शोधायची तिला सवय नव्हती, तिनं त्याला आणखी एक पोळी वाढली.

रविवारी दुकान बंद होतं. साधना पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा वाटत होती. एक बी उडून डोळ्यात गेलं आणि तिला ब्रह्मांड आठवलं. डोळे घट्ट मिटून तिनं मागे हात केला.

"अवो, फडकं द्या लवकर!"

फडकं हातात आलं. थंड, ओलं, डोळ्यांना हवं तेवढंच. एका टोकानं डोळे टिपता टिपता तिला अचानक वाटलं की दृष्टबिष्ट काही असो, चांगल्याला चांगलं म्हटलंच पाहिजे.

"एक सांगू?" डोळे मिटूनच ती म्हणाली. "मले खुंटी नाही पाह्यजे. ह्या घरात तुमी माह्याजवळ असता, मले तेवढंच पाह्यजे होतं. आता असेच राहा."

मागून कुणी काही बोललं नाही. लाजला असेल, असं वाटून ती हसली.

इतक्यात बाहेर फाटकाशी मोटारसायकल थांबली.

"साधना, दार उघड वं!" हरीओम ओरडला. "दोन्ही हात भरलेले हायेत. शेजारच्या किशनची डिरिल मशीन मांगून आनली. टाइल फुटली तं फुटली, आज तुह्या फडक्याले जागा करून देतो!"

डोळे अजून उघडत नव्हते. साधनानं फडक्याचं दुसरं टोक आपल्याकडे ओढलं. ते आलं, पण लगेच नाही.