पिरॅमिडखालचे दगड

आमच्या कॉलेजात जगातल्या सगळ्या प्राचीन संस्कृती थर्माकोलच्या होत्या. मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर इतिहासाच्या मार्तंड सरांनी बॅबिलोनच्या बागांपासून ग्रीक गलबतापर्यंत सगळं आमच्याकडून कापून, रंगवून घेतलं. एरवी ते गाईड हातात घेऊन ‘हे आयएमपी, हे सोडा’ एवढंच शिकवायचे. अख्खं रोम आम्ही असंच सोडलं होतं.

वैभवी पारशिवनीकडची. वर्गात इतिहास आवडतो म्हणून आलेली ती एकटीच. आम्हाला दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता. तिच्या वावराला लागून मोठाल्या दगडांचं वर्तुळ होतं, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचं दफनस्थान. तिला त्यावरच प्रकल्प करायचा होता. मोबाइलमधले फोटो घेऊन ती सरांकडे गेली.

“सर, समितीले तिथं नेऊ ना. खरं आहे ते, हात लावून पाहता येते.”

“सिलॅबसमध्ये इजिप्त आहे. पारशिवनी आहे का?” सर म्हणाले. फोटो मात्र त्यांनी निरखून पाहिले. मला वाटलं, विरघळले. कसलं काय!

समिती येण्याच्या आदल्या दिवशी वारा सुटला आणि थर्माकोलचा पिरॅमिड उडून सायकल स्टँडवर पडला. सरांनी लगेच ट्रॅक्टर पाठवला. संध्याकाळी ट्रॉलीतून दगड उतरले, त्यांना सोनेरी रंग फासला आणि पिरॅमिड त्यांच्यात घट्ट बसला. खरं थडगं उचकटून खोट्या थडग्याला ठेपा दिला. एका दगडावर फोटोतल्यासारखेच वाटीएवढे खळगे होते. वैभवीनं ते पाहिले.

“आमच्या वावरापाशचे दगड काहून आणले सर?” तिचा आवाज फाटला.

“पडलेलेच होते ना? परवा नेऊन टाकू परत.”

“टाकले म्हणजे वर्तुळ होते का जी?”

“रडू नको. उद्या समितीला तुलाच इजिप्त समजावून सांगायचंय.”

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष पिरॅमिडपाशी थांबले. “तुमच्या भागात असं काही प्राचीन नाही?”

“नाही ना सर,” मार्तंड सर हळहळले. “म्हणून तर हे सगळं बनवावं लागलं.”

“होतं सर,” वैभवी म्हणाली. “काल दुपारपर्यंत होतं. आता या पिरॅमिडखाली आहे.”

अध्यक्षांनी वाकून दगडावर थाप मारली. “वा! स्थानिक साहित्याचा वापर. लिहून घ्या.”

सर हात जोडून हसले. समिती चहाला गेली. वैभवी तिथंच खाली बसली आणि खळग्यांतला सोनेरी रंग नखानं खरवडत राहिली.