पितांबर नानांचं पोवळं

मित्रांनो, मी एक जुनं पोवळं आहे. अंगठीत बसवतात तो लाल खडा नव्हे, तर समुद्रात खडकाला चिकटून वाढलेलं पोवळं. आता जळगावात एका काचेच्या कपाटात पांढराशुभ्र उभा आहे. येणारे-जाणारे म्हणतात, किती सुंदर! जिवंत होतो तेव्हा मी मातकट तपकिरी होतो.

१९९३च्या उन्हाळ्यात पितांबर नानांनी मला आणलं. नाना केळीचे मोठे बागायतदार. सुरतेच्या एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी मासे-पोवळी ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचेची पेटी पाहिली आणि तशीच आपल्या दिवाणखान्यात हवी असा हट्ट धरला. मला विकणाऱ्या दुकानदाराने बजावलं होतं, पाणी कमी झालं की भरत जा. कोणतं पाणी, हे नानांनी विचारलं नाही. विचारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

माझी देखभाल आली सुनेकडे, सुनंदाकडे. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. तेव्हापासून तिच्या हाताला काही जगत नाही असं नाना चारचौघांत हसत हसत बोलत. मला पेटीत सोडलं त्याच दिवशी त्यांनी तिला सुनावलं, "हे जगलं पाहिजे. नाही जगलं त मंग तुहाबी इचार करा लागीन." जीवराम, तिचा नवरा, शेजारीच बसला होता. तो पेपर वाचत राहिला.

जळगावचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पेटीतलं पाणी रोज बोटभर उडून जाई. समुद्राचं झाड समुद्राचंच पाणी पिणार, असा नानांचा हिशेब. म्हणून त्यांच्या हुकमाने रोज मीठ कालवलेलं पाणी माझ्यावर पडे. पाणी उडे, मीठ मात्र मागे राही. माझं अंग चरचरू लागलं. मी आखडून बसलो. नानांना वाटलं, केळीसारखं याला खत कमी पडतंय. त्यांनी चिमूटभर युरिया टाकला. मित्रांनो, मी झाड नव्हतोच, प्राणी होतो.

काचेवर मिठाचा थर चढला तेव्हा सुनंदाने धीर केला. "नाना, रस्सा आटला का खारट व्हते. त्याच्यात आपुन साधं पानी टाकतो, मीठ नाही."

"तू चूल सांभाय. समुद्र मले नको शिकवू."

मग ती गुपचूप साधं पाणी घालू लागली. हळूहळू माझी आग शमली, अंग मोकळं झालं. नानांनी पाहुण्यांना बोलावून मला दाखवलं आणि युरियाची वाहवा केली. सुनंदा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. त्या संध्याकाळी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मला ती फार आवडायची.

चार दिवसांनी तिच्या हातातली साध्या पाण्याची कळशी नानांनी पकडली. त्यांनी काही ऐकून घेतलं नाही. ती माझा जीव घ्यायला निघाली आहे असं ठरवून, तिने इतके दिवस न घातलेलं सगळं मीठ भरून काढायला त्यांनी अख्खी पिशवी पेटीत रिकामी केली. सकाळपर्यंत माझं मांस गळून गेलं. उरला तो हा पांढरा सांगाडा.

जीवरामने तिला वरणगावला माहेरी पोचवलं आणि एकटाच परत आला. नानांनी मला धुऊन, वाळवून कपाटात ठेवलं.

मित्रांनो, मुका जीव घरी आणाल तर आधी त्याची रीत विचारून घ्या. आणि एखादी बाई सांगत असेल तर तिचं ऐका, एवढंच माझं मागणं.

पुढच्या वर्षी नवी सून आली. पहिल्याच दिवशी नानांनी तिला माझ्यासमोर उभं केलं आणि शांतपणे म्हणाले, "हे पहिलीनं मारलं."

पोवळ्याच्या अंगावर शेकडो तोंडं असतात. माझ्या एकाही तोंडातून "नाही" निघालं नाही.