मी आडवं पडू देत नाही

मी एक जुनी औषधाची डबी आहे. मुठीत मावते, हलवली की खुळखुळते. पण मित्रांनो, माझ्याकडे दयेने बघू नका. मला विष म्हणून झालं, वैरीण म्हणून झालं, आणि तरी मी इथे फळीवर ताठ बसले आहे. माझं सांगून झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

माझ्या पोटातल्या गोळ्यांचं काम जरा उलटं आहे. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या तो खाली आणतात. माझ्या गोळ्या तो वर नेतात. औषधाच्या दुकानात माझ्या शेजारी दाब उतरवणाऱ्या गोळ्या असत. त्यांना घरोघरी मान. माझं काम ऐकलं की लोक हसत. नसतं दुखणं कोण विकत घेईल, असं त्यांना वाटे.

त्याचं उत्तर मला एका न्हाव्याच्या घरी मिळालं. वय पंचावन्न, पण मोठी बहीण त्याला अजून बाळ्याच म्हणे. बाळ्या बसला असला की धडधाकट; उठला की डोळ्यांपुढे अंधारी. रक्त पायांत उतरायचं आणि डोक्याला पुरायचं नाही. शिंप्याने बसून शिवावं, चांभाराने बसून टाके घालावेत, पण न्हाव्याने काय करावं? तिथे गिऱ्हाईक बसतं आणि न्हावी उभा असतो.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आडवं करून दाब मोजला, मग उभं करून मोजला. आकडा जिन्यावरून भांडं घरंगळावं तसा खाली आला. त्यांनी मला लिहून दिलं आणि बजावलं की गोळी दिवसा, हिंडताफिरताना घ्यायची, घेतल्यावर चार तास आडवं पडायचं नाही, संध्याकाळ झाली की घ्यायचीच नाही. बाळ्याने मान डोलावली. पण त्याचं सगळं लक्ष बाईंच्या कपाळावरच्या बटांकडे होतं. इतक्या वेड्यावाकड्या कापल्या कुणी, याच विचारात तो घरी आला.

आणि घरी ताईचा कायदा होता. औषध घेतलं की पडायचं. आई लवकर गेली, तेव्हा ताई स्वतः चौदा वर्षांची होती. भावाचा गोवर, ताप, खोकला, सगळं तिने त्याला पांघरुणाखाली दाबून धरून निभावलं होतं. तो कायदा मोडायची बाळ्याची छाती नव्हती. सकाळची गोळी घशाखाली गेली आणि ताईने त्याला खाटेवर पाडलं. पाठ सपाट राहावी म्हणून उशीसुद्धा काढून घेतली.

मी माझं काम चोख केलं. रक्तवाहिन्या आवळल्या. पण आडव्या माणसाचं रक्त उतरणार कुठे? दाब चढत गेला. डोक्यावरून मुंग्या फिरल्या. ती माझी नेहमीची खोडी आहे, तिला घाबरायचं कारण नसतं. पण कपाळ ठणकू लागलं आणि कानांत हातोडे बसू लागले, तो धोक्याचा इशारा होता. तेव्हा उठून बसायचं असतं आणि लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. ताईने त्याला आणखी एक पांघरूण घातलं.

तिसऱ्या दिवशी तिने मला जुन्या बुटांच्या खोक्यात टाकलं. गोळ्या बंद झाल्या आणि दोनच दिवसांत बाळ्या दुकानात कोसळला. गिऱ्हाईकाच्या गालाला फेस, याच्या हातात वस्तरा, आणि अंधारी आली. पडता पडता त्याने वस्तरा लांब भिरकावला, म्हणून थोडक्यात निभावलं. भुवईवर चार टाके घेऊन तो घरी आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, उद्यापासून दुकान बंद. आज हात चुकला असता तर कुणाचा तरी गळा होता."

ताईने मला खोक्यातून उचललं, तडक औषधाच्या दुकानात गेली आणि फळीवर आपटलं. "ही घ्या तुमची डबी. औषध देता की वैर काढता?"

दुकानातल्या बाईने आवाज चढवला नाही. "गोळी घेतल्यावर ते काय करतात?"

"काय करणार? झोपतो. मी झोपवते. उशीसुद्धा ठेवत नाही."

बाईने मला फिरवलं आणि माझ्या अंगावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचलंत?"

"मुंगीएवढी अक्षरं. कोण वाचतंय?"

"ताई, ही उभ्या माणसाची गोळी आहे. घेऊन सपाट झोपवलंत तर दाब इतका चढेल की डोक्यातली नस फुटायची."

ताईने मला डोळ्यांजवळ धरून ती ओळ वाचली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मीच."

"मायेनेच केलंत. पण गोळीला माया कळत नाही, वेळ कळते."

बाईने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाळ्याला पुन्हा बोलावलं गेलं, पुन्हा आडवा-उभा दाब मोजला गेला, गोळी कमी करून वेळा बांधून दिल्या गेल्या. रात्री उशाकडची बाजू उंच करून झोपायचं ठरलं. सर्दीचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, कारण सर्दीची काही औषधं दाब वाढवतात.

आता ताईचा नवा कायदा ऐका. सकाळी बाळ्याने गोळी घेतली की ती खाट भिंतीला उभी करून ठेवते. दुपारच्या गोळीनंतर तो दुकानातल्या बाकावर कलंडू पाहतो, तर ही जेवणाचा डबा घेऊन दारात हजर. "पाठ टेकलीस तर बघ." बाळ्या म्हणतो, आधी झोपवून छळलंस, आता जागवून छळतेस. पण म्हणताना तो उभा असतो, आणि हातात वस्तरा असतो.

मित्रांनो, मी चांगली का वाईट, हे मला विचारू नका. मी कुणासाठी, किती, कधी आणि मला घेतल्यावर काय करायचं नाही, हे विचारा. तेवढंही न विचारता मला बदनाम करणार असाल, तर मी ऐकून घेणार नाही.

परवा शेजारीण आली. तिला चक्कर येत होती. बाळ्याला गुण आला तर एक गोळी मलाही दे, म्हणाली. ताईने मला पदराआड घेतलं.

"एका गोळीने काय झिजणार आहे तुझं?" शेजारीण फणकारली.

"माझं काही नाही," ताई म्हणाली. "तू जाशील जिवानिशी. चप्पल घाल. तुझा दाब मोजून घ्यायला मी येते बरोबर."